चित्र तीनदा पाहिलं जातं: खुल्या प्रदर्शनाला जलरंगचित्र पाठवताना

माझं पहिलं फुल शीट काउंटरवरूनच परत आलं. ज्युरीपर्यंत पोचलंच नाही. चित्र २२ बाय ३० इंचांचं होतं आणि नियमात कमाल लांबी ३६ इंच दिलेली, म्हणजे सहा इंच हातात आहेत असा माझा हिशेब. चित्रं ताब्यात घेणाऱ्या गृहस्थांनी टेप लावली, ३८ भरले, आणि त्यांनी पावतीपुस्तक मिटलं. ३० इंच चित्र, दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, झाले ३६, आणि वर फ्रेमची इंच-इंच पट्टी. ‘फ्रेमसकट’ हा शब्द मी वाचला होता, पण टेप घेऊन मोजला नव्हता.

त्या दिवशी नाशिकला परत येताना पंचवटी एक्सप्रेसमध्ये मांडीवर ते धूड धरून बसले होते, तेव्हा एक गोष्ट डोक्यात पक्की झाली. प्रदर्शनाला पाठवलेलं चित्र तीनदा पाहिलं जातं आणि तिन्ही वेळा ते वेगळंच असतं. आधी स्क्रीनवर, तळहाताएवढं, काही सेकंदांसाठी. मग फॉर्मवरची एक ओळ म्हणून. आणि शेवटी काचेमागे, भिंतीवर, इतरांच्या चित्रांच्या गर्दीत. तुमच्या टेबलावरचा तो ओला, कोवळा कागद ज्युरीला कधीच दिसत नाही. तैलरंगाचं यात फारसं बिघडत नाही. जलरंगाचं बिघडतं, कारण त्याची गंमत असते कोऱ्या राखलेल्या कागदात आणि पातळ वॉशमध्ये, म्हणजे भरपूर पाण्याने दिलेल्या रंगाच्या थरात. फोटोत आणि काचेत आधी तेच हरवतं.

तेव्हा खाली जे लिहिलंय ते चित्र कसं काढावं याबद्दल नाही. काढून झालेलं चित्र या तीन नजरांपर्यंत धडधाकट कसं पोचवायचं, त्याबद्दल आहे.

कुठे पाठवायचं

आपल्याकडच्या जुन्या खुल्या प्रदर्शनांत बॉम्बे आर्ट सोसायटीचं नाव पहिलं येतं. ही संस्था १८८८ सालची. तिच्यानंतर १९१८ साली आर्ट सोसायटी ऑफ इंडिया सुरू झाली. दोन्हींची वार्षिक प्रदर्शनं देशभरातल्या चित्रकारांसाठी खुली असतात. कला संचालनालयाच्या राज्य कला प्रदर्शनात विद्यार्थी आणि कलावंत असे वेगळे विभाग आहेत, त्यामुळे शिकत असाल तर सुरुवात तिथून करणं शहाणपणाचं. दिल्लीच्या ललित कला अकादमीचं राष्ट्रीय प्रदर्शन आहेच.

या ठिकाणी सगळी माध्यमं एकत्र असतात, हे विसरू नका. तुमचं क्वार्टर शीट एखाद्या सहा फुटी कॅनव्हासशेजारी टांगलं जाऊ शकतं. ११ बाय १५ इंचांचं चित्र कितीही गोड असलं तरी मोठ्या हॉलमध्ये ते पोस्टाच्या तिकिटासारखं दिसतं. माझ्या मते अशा ठिकाणी हाफ शीट, म्हणजे १५ बाय २२, याहून लहान काही पाठवू नये. लहान आकारात कोणी नजर खिळवून ठेवलीच, तर तो चित्रकार माझ्यापेक्षा फार पुढचा आहे आणि त्याला या लेखाची गरज नाही.

फक्त जलमाध्यमांची प्रदर्शनं वेगळी. लंडनची रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ पेंटर्स इन वॉटर कलर्स १८३१ पासून चालत आलेली आहे, अमेरिकन वॉटरकलर सोसायटी १८६६ पासून. दोन्हीकडे सभासद नसलेल्यांनाही चित्रं पाठवता येतात. परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांना तर तिथेच पाठवणं सोयीचं. इथून पाठवणार असाल तर प्रवेश शुल्क हा खर्चाचा छोटा भाग असतो. निवड झाली तर जाण्यायेण्याचं कुरिअर, कस्टम्सची कागदपत्रं आणि तिकडे चित्र उतरवून घेणारं कोणीतरी, एवढं सगळं लागतं. त्याची आधी चौकशी करा, मग शुल्क भरा.

माहितीपत्रक पेन्सिल घेऊन वाचा

मी आता प्रत्येक माहितीपत्रक छापून घेते आणि चार गोष्टींखाली रेघ मारते.

पहिली, माध्यमाची व्याख्या. काही ठिकाणी ‘जलरंग’ म्हणजे पारदर्शक जलरंगच. काही ठिकाणी गुआश (अपारदर्शक जलरंग), कागदावरचं पातळ ॲक्रिलिक, शाई, सगळं चालतं. पांढरा गुआश शेवटी दोन-तीन ठिकाणी टेकवायची सवय असेल तर हा फरक तुमच्यासाठी महत्त्वाचा आहे. माध्यमाच्या रकान्यात मग ‘कागदावर जलरंग आणि गुआश’ असं सरळ लिहावं. जवळून बघणाऱ्याला ते कळतंच.

दुसरी, माप. ते चित्राचं की फ्रेमचं, इंचात की सेंटिमीटरमध्ये, आणि पाठवायचं ते फ्रेम करून की नुसतं माउंट करून. तिसरी, चित्र किती जुनं चालेल आणि आधी कुठे लागलेलं चालेल का. चौथी, तारखा. फॉर्मची शेवटची तारीख सगळे लक्षात ठेवतात. प्रत्यक्ष चित्र पोचवायची आणि न निवडलेलं चित्र परत न्यायची तारीख मात्र विसरली जाते, आणि दुसरी चुकली तर काही संस्था साठवणुकीचं भाडं लावतात किंवा चित्राची जबाबदारी सोडतात.

आणखी एक कलम असतं, ‘कलाकृती मौलिक असावी’. हे वाचून सगळे मान डोलावतात. पण दुसऱ्याच्या फोटोवरून केलेलं चित्र यात बसत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचे हक्क सहसा काढणाऱ्याचे असतात आणि इंटरनेटवर सापडला म्हणून तो सार्वजनिक होत नाही. कार्यशाळेत गुरुजींनी डेमो दाखवला आणि आपण शेजारी बसून तेच केलं, तर तेही चित्र घरी ठेवावं. वाडा, देऊळ, स्टेशन यांसारख्या वास्तूसमोर बसून तुम्ही स्वतः चित्र काढलंत तर तो त्या वास्तूच्या कॉपीराइटचा भंग ठरत नाही, तशी सूट कायद्यातच आहे. शंका असेल तर स्केचबुकातली पूर्वतयारी जपून ठेवा. प्रश्न आलाच तर तेवढी पुरते.

कोणती दोन-तीन चित्रं

बहुतेक ठिकाणी दोन किंवा तीन प्रवेशिका चालतात. तीन वेगवेगळ्या प्रकारची चित्रं पाठवून आपण किती काय काय करू शकतो हे दाखवायचा मोह होतो: एक निसर्गचित्र, एक व्यक्तिचित्र, एक अमूर्त. ज्युरीला त्यातून एकच कळतं, की या माणसाचं अजून काही ठरलेलं नाही. एका हाताची वाटतील अशी दोन पाठवा. तिसरं तितकंच चांगलं नसेल तर रकाना कोरा राहू द्या. शुल्कही वाचतं.

विषयाबद्दल एक कडवट अनुभव सांगते. मी गोदाघाटावर वाढले, तेव्हा घाट, होड्या, छत्र्या आणि कबुतरं यांच्यावर माझं प्रेम असणारच. पण प्रत्येक ज्युरीसमोर असे ढीगभर घाट येतात. घाट पाठवू नका असं मी म्हणत नाही. घाटावरचं असं काही पाठवा जे तिथे रोज जाणाऱ्यालाच दिसेल. माझं निवडलं गेलेलं पहिलं चित्र रामकुंडाचं नव्हतं. पूर ओसरल्यावर भिंतीवर राहिलेल्या चिखलाच्या रेघेचं होतं.

निवडताना घरच्यांचं मत विचारू नका. आईला मामाच्या घराचं चित्रच आवडणार. त्यापेक्षा चित्र १५ दिवस भिंतीकडे तोंड करून ठेवा, मग दहा-बारा फुटांवरून पाहा. नंतर फोनवर त्याचा कृष्णधवल फोटो घ्या आणि तिकिटाएवढा लहान करा. गडद आणि उजळ भागांची मांडणी त्या आकारातही वाचता आली पाहिजे. रंग सुंदर आहेत पण कृष्णधवल केल्यावर सगळं एकसारखं करडं झालं, तर पहिल्या फेरीत ते चित्र कोणाच्या लक्षात राहणार नाही.

रंगांच्या ट्यूबही एकदा तपासा. ऑपेरा रोझसारखे झगझगीत गुलाबी आणि जुन्या पद्धतीचा अलिझरिन क्रिमसन, ज्याच्या ट्यूबवर पीआर ८३ असा क्रमांक असतो, हे उजेडात उडतात. विकत घेणाऱ्याने चित्र खिडकीसमोर लावलं आणि दोन वर्षांत सूर्यास्त फिका पडला, तर नाव तुमचंच खराब होतं.

कागद सुरकुतलेला, लाटा आलेला असेल तर फोटोच्या आधी सपाट करून घ्या. चित्र पालथं ठेवून मागच्या बाजूला स्प्रेने अगदी हलकं दव मारायचं, वरखाली टीपकागद, त्यावर प्लायवूड, आणि त्यावर घरातली जाड पुस्तकं. एक-दोन दिवस हात लावायचा नाही. पाणी जास्त झालं तर पुढचे रंग टीपकागदावर उतरतात, म्हणून आधी एखाद्या फसलेल्या चित्रावर करून बघा. फसलेली चित्रं काय, सगळ्यांकडेच असतात.

फोटो

जलरंगाचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून इथे जरा थांबते.

फोटो फ्रेम करायच्या आधी काढायचा. काचेतून काढला की चित्रात तुम्ही, तुमचा पंखा आणि समोरच्या गॅलरीत वाळत घातलेला टॉवेल येतो.

जागा अशी हवी जिथे उजेड भरपूर आहे पण ऊन थेट पडत नाही. सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान उत्तरेकडची खिडकी किंवा सावलीतला व्हरांडा उत्तम. घरातले दिवे बंद. खिडकीचा उजेड आणि बल्ब यांची सरमिसळ झाली की कागद एका कडेला निळसर आणि दुसऱ्या कडेला पिवळसर दिसतो, आणि ते नंतर नीट करता येत नाही. उजेड फार एका बाजूने आला तर कोल्ड प्रेस कागदाचा खडबडीतपणा उठून दिसतो आणि तुमचं गुळगुळीत आकाश पुरळ आल्यासारखं वाटतं. भिंतींच्या रंगाकडेही बघा. आमच्या जुन्या घराच्या व्हरांड्याला पोपटी डिस्टेंपर होता आणि तिथे काढलेल्या प्रत्येक फोटोत माझे गुलाबी रंग मेलेले असायचे. कारण कळायला मला वर्ष लागलं. त्याच कारणाने फोटो काढताना लालभडक कुर्ता घालू नये.

चित्र बोर्डवर लावून सरळ उभं करा. फोन चित्राच्या बरोबर मध्याच्या उंचीवर हवा, आणि चित्राला समांतर. समांतर आहे का हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे. चित्राच्या मध्यावर एक छोटा आरसा सपाट टेकवून धरा. फोनच्या स्क्रीनवर त्या आरशात फोनचं भिंगच मधोमध दिसलं की तुम्ही सरळ उभे आहात. आरसा काढा, हलू नका, फोटो घ्या. जवळ जाऊन काढू नका. चार पावलं मागे या आणि दोन पट झूमची लेन्स असेल तर ती वापरा. जवळून काढलेल्या फोटोत चित्राच्या कडा फुगतात आणि आयताचं पिंप होतं.

आता सगळ्यात मोठी गोम. कॅमेऱ्याला पांढरं काही दाखवलं की तो त्याला करडं करून देतो. समोरचं दृश्य सरासरी मध्यम उजेडाचं असणार, असं धरून त्याचं गणित चालतं. तैलचित्रात ते बऱ्यापैकी जुळतं. जलरंगात कितीतरी कागद कोरा राखलेला असतो, त्यामुळे कॅमेरा फोटो गडद करतो आणि तुमचा राखलेला उजेड धुवायला टाकलेल्या धोतरासारखा दिसतो. म्हणून फोकस करताना स्क्रीनवर बोट टेकवा, सूर्याचं चिन्ह येतं ते थोडं वर सरकवा, आणि कागदाचा पांढरा भाग पांढरा दिसेपर्यंत वर न्या. मात्र सगळ्यात पातळ वॉश अजून दिसतोय ना, हे बघत. तो नाहीसा झाला तर जास्त झालं. तीन-चार वेगवेगळ्या उजेडांचे फोटो घ्या आणि मग मूळ चित्र शेजारी ठेवून निवडा. दोन दिवसांनी आठवणीतून निवडू नका. आठवणीत चित्र नेहमीच जास्त सुंदर असतं.

नंतरचं काम थोडंच. चौकट कापताना फक्त चित्र ठेवा. मास्किंग टेपची पांढरी कडा, बोर्ड, ईझल काही नको. रंग वाढवायचे नाहीत. दुसऱ्या फेरीत मूळ चित्र मांडलं जातं, आणि स्क्रीनवर बघितलेला निळा तिथे सापडला नाही तर ज्युरीला फसवल्यासारखं वाटतं. माहितीपत्रकात फोटोची लांबी किती पिक्सेल आणि फाइल किती एमबी ते दिलेलं असतं, तेवढंच ठेवा. फाइलच्या नावाबद्दलही तसंच. काही ठिकाणी तुमचं नाव हवं असतं, तर जिथे ज्युरीला चित्रकाराचं नाव कळू देत नाहीत तिथे ते असून चालत नाही. आणि फोटो व्हॉट्सॲपवरून भाच्याला पाठवून त्याच्याकडून अपलोड करून घ्यायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नुसता फोटो पाठवला की तो दाबला जाऊन लहान होतो आणि पातळ वॉशमध्ये चौकोन चौकोन उमटतात.

फॉर्म

माप लिहिताना आधी उंची, मग रुंदी, ही रीत आहे. उभं चित्र २२ बाय १५, आडवं १५ बाय २२. उलटं लिहिलंत तर कॅटलॉग लावणारा गोंधळतो. नाव बँकेच्या खात्यावर आहे तसंच, कारण चित्र विकलं तर पैसे त्याच नावाने येणार आहेत. आणि कॅटलॉगमध्ये छापलेलं नाव कायमचं राहतं, तेव्हा स्पेलिंग एकदाच ठरवा.

शीर्षक छोटं ठेवा. ‘जीवनप्रवाहातील क्षणभंगुर प्रतिबिंबे’ असं काही सुचलं तर एक दिवस थांबा. ‘शीर्षकहीन ३’ हेही नको, कारण चर्चेत ज्युरीला तुमच्या चित्राचा उल्लेख करायला काहीतरी हाताशी लागतं. माझ्या चिखलाच्या रेघेचं नाव मी ‘पाणी इथवर आलं होतं’ असं ठेवलं होतं.

किंमत हा रकाना सगळ्यांना छळतो. आपल्याकडे बरेच चित्रकार चौरस इंचावर दर धरतात, नवख्यांना ती सोयीची पद्धत आहे. समजा तुमचा दर ३० रुपये. हाफ शीटचे १५ गुणिले २२ म्हणजे ३३० चौरस इंच, झाले ९,९०० रुपये. फ्रेमचे २,५०० धरले तर १२,४०० तुमच्या हातात यायला हवेत. संस्थेचं कमिशन ३० टक्के आहे असं धरू. इथे बहुतेक जण १२,४०० वर ३० टक्के चढवून १६,१२० लिहितात. मग विक्री झाली की त्या १६,१२० मधून ३० टक्के जातात, हाती उरतात ११,२८४, आणि अकराशे रुपये कुठे गेले ते कळत नाही. कमिशन विक्रीच्या किंमतीवर असतं, म्हणून १२,४०० ला ०.७ ने भागायचं. येतात १७,७१४. लिहा १८,०००. हीच किंमत पुढे स्टुडिओत आलेल्या ग्राहकालाही सांगायची. प्रदर्शनात १८ आणि घरी १० असं कळलं की दोन्हीकडचा विश्वास उडतो. चित्र विकायचंच नसेल तर ‘विक्रीसाठी नाही’ लिहा. न विकलं जावं म्हणून दोन लाख लिहिणं पोरकट दिसतं.

फ्रेम

“ताई, चित्राचं माप नको, बाहेरचं माप बोला.” आमचे फ्रेमवाले काका मला दरवेळी हेच म्हणतात, आणि त्या ३८ इंचांच्या प्रसंगानंतर मीही बाहेरून आत मोजते. कमाल ३६ असेल तर दोन इंच फ्रेमचे गेले, उरले ३४. फुल शीटच्या ३० इंचांना मग दोन्हीकडे दोनच इंच माउंट मिळतो, आणि तो चित्राला चिमटीत धरल्यासारखा दिसतो. अशा ठिकाणी मी हाफ शीट पाठवते. २२ अधिक तीन-तीन इंच माउंट, अधिक इंच-इंच फ्रेम, झाले ३०. दुसरी बाजू २३. खाली माउंट अर्धा इंच जास्त ठेवला तर नजरेला बरं वाटतं, तेवढं मापात धरा.

माउंट पांढरा किंवा किंचित मळकट पांढरा. चित्रातल्या निळ्याशी जुळणारा निळा माउंट आणि आत सोनेरी पट्टी, ही हॉटेलची सजावट झाली. माउंट ॲसिड-फ्री मागा. साध्या बोर्डमधलं आम्ल काही वर्षांनी चित्राच्या कडेने तपकिरी रेघ ओढतं. खिडकी कापताना माउंट चित्रावर तीन-चार मिलिमीटर चढतो. सही अगदी खालच्या कडेला करायची सवय असेल तर ती अर्धी झाकली जाते, म्हणून सही कडेपासून सेंटिमीटरभर वर हवी.

सगळ्यात जास्त भांडण मी चिकटवण्यावरून करते. फ्रेमवाल्याची सवय असते कागद चारी बाजूंनी टेपने पक्का करायची, किंवा आख्खा पाठीवर चिकटवायची. जलरंगाचा कागद पावसाळ्यात फुगतो आणि उन्हाळ्यात आकसतो. चारी बाजू बांधल्या की तो मधूनच फुगा धरतो. चित्र फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी कागदी बिजागऱ्यांनी लटकवायचं, बाकी तीन बाजू मोकळ्या. बिजागरीसाठी पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतात, कारण ती पाण्याने सुटते. सेलोटेप नकोच. तो पिवळा पडतो आणि त्याचा डाग जात नाही.

काच की ॲक्रिलिक? स्वतः घेऊन जाणार असाल तर काच. कुरिअरने जाणार असेल तर ॲक्रिलिक, कारण काच वाटेत फुटली तर तिची धार चित्रातूनच जाते. ॲक्रिलिकवर चरे पटकन पडतात, कोरड्या फडक्याने पुसू नका. चमक न देणारी काच ऐकायला छान वाटते, पण खरखरीत केलेली असेल तर माउंटमुळे चित्र तिच्यापासून दूर राहतं आणि सगळं धुकट दिसतं. साधी, स्वच्छ काच घ्या आणि बंद करण्यापूर्वी आतला केस, धुळीचा कण, मुंगी बघून घ्या. मुंगी निघतेच.

मागे हार्डबोर्ड किंवा एमडीएफ असेल तर त्याच्या आणि चित्राच्या मध्ये ॲसिड-फ्री कागदाचा थर टाका. कडा कागदी टेपने बंद करा. मुंबईत, कोकणात, गोव्यात बुरशी चित्राला लागते ती याच फटीतून. खालच्या दोन कोपऱ्यांना रबरी बुटकुल्या लावल्या तर फ्रेम भिंतीपासून सुटी राहते आणि मागे हवा खेळते. टांगायला दोन्ही बाजूंना वरून एक तृतीयांशावर डी-रिंग, म्हणजे इंग्रजी डी आकाराची कडी, आणि मध्ये तार. पण संस्थेने वेगळी पद्धत सांगितली असेल तर तीच.

पाठीमागे लेबल लावा: नाव, शीर्षक, माध्यम, चित्राचं माप, वर्ष, किंमत, फोन, आणि वरची बाजू दाखवणारा बाण. अमूर्त चित्राला बाण हवाच, हे हसण्यावारी नेऊ नका. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये सावळाराम हळदणकरांचं जलरंगातलं, हातात दिवा घेतलेल्या तरुणीचं चित्र आहे. ते राजा रविवर्म्याचं समजून बघणारे लोक आजही भेटतात. हळदणकरांची ही गत, मग तुमच्या-माझ्या बिननावाच्या फ्रेमचं काय होईल ते सांगायला नको.

पोचवणं

शक्य असेल तर स्वतः जा. नाशिकहून पंचवटीने सीएसएमटी, तिथून जहांगीर आर्ट गॅलरीपर्यंत चालत. दोन हाफ शीट एकमेकींकडे काचा करून, मध्ये थर्माकोल घालून जुन्या चादरीत बांधली की एका माणसाला नेता येतात. फुल शीट गर्दीच्या डब्यात नेणं म्हणजे खिडकीसकट भिंत नेणं.

कुरिअर करायचंच असेल तर आधी चित्राचे आणि फ्रेमच्या चारी कोपऱ्यांचे फोटो काढून ठेवा. कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे संरक्षक, मग प्लास्टिक, मग बबल रॅप, मग दोन्हीकडे प्लायवूड किंवा जाड पुठ्ठा, आणि सगळं खोक्यात हलणार नाही असं. पावसाळा असेल तर सिलिका जेलच्या पुड्या टाका. काचच पाठवत असाल तर तिच्यावर मास्किंग टेपच्या फुल्या मारा, फुटली तरी तुकडे जागेवर राहतात. खोकं असं करा की दुसऱ्या कोणाला ते सुरीशिवाय उघडता येईल, कारण परतीला तेच वापरलं जाणार आहे. आत परतीच्या पत्त्याची चिठ्ठी ठेवा. आणि तारखेच्या आदल्या दिवशी पोचेल असं नाही, चार दिवस आधी पोचेल असं पाठवा.

चित्र दिल्याची पावती फोनमध्ये फोटो काढून ठेवा. परत घेताना ती मागतात.

निकाल

नकाराचं कारण कोणी कळवत नाही. तीन-चार जण शेकडो चित्रं बघतात, कोणाचं काय खटकलं याची नोंद राहत नाही. फोन करून विचारू नका. मी एक वही ठेवते: कुठलं चित्र, कुठे, कधी, शुल्क किती, काय झालं. एकाच चित्राला तीन ठिकाणी नकार आला की ते पुन्हा काढून बघते. एका ठिकाणी आला तर तेच दुसरीकडे पाठवते. पुराच्या रेघेचं चित्रही आधी एकदा परत आलं होतं.

निवड झाली तर उद्घाटनाला जा, आणि दुसऱ्या दिवशी गर्दी नसताना पुन्हा जा. त्या दिवशी आपलं चित्र बघण्यापेक्षा शेजारची बघा. कोणाचा माउंट किती आहे, कोणाच्या काचेत दिवा पडतोय, कोणत्या चित्रापाशी लोक थांबतायत, हे सगळं फुकट शिकायला मिळतं. प्रदर्शन चालू असताना चित्र मागे घेता येत नाही, मग बाहेर कोणी जास्त किंमत देऊ केली तरी.

चित्रं परत आली की लगेच उघडा. मागची टेप सुटली आहे का, काचेच्या आत दमटपणा आहे का, कागदावर ठिपके आलेत का ते बघा. ठिपके दिसले तर चित्र फ्रेममधून काढून सावलीत, वाऱ्यावर ठेवा, उन्हात नाही. माझ्याकडे २३ बाय ३० च्या तीन फ्रेम आहेत, एकाच पट्टीच्या, एकाच रंगाच्या. हाफ शीटच काढते, त्यामुळे परत आलेलं चित्र उतरवायचं आणि त्याच माउंटमध्ये पुढचं चढवायचं. काकांनी मागच्या वेळी फक्त बिजागऱ्यांचे पैसे घेतले.